थरथर वेगळी, खरखर वेगळी

मार्च महिन्यातल्या एका दुपारी उंब्रजहून कराडकडे येताना पुढच्या उसाच्या ट्रॉलीने एकाएकी वेग कमी केला, मी ब्रेक दाबला आणि हातांतले स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरू लागले. नीट न बसलेले जाते ओढताना दर फेऱ्याला हाताला जसा एक हिसका बसतो, तसाच तो हिसका होता, फक्त एका सेकंदात दहा-बारा वेळा बसणारा. ही थरथर मला नवी नव्हती. आधीच्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा सुरू झाली, तिच्यासाठी दिवाळीत पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, नव्या बसवून घेतल्या, त्यानंतर काही महिने गाडी अगदी अलगद थांबू लागली, आणि आता जेमतेम साडेचार हजार किलोमीटर झाल्यावर ती जशीच्या तशी परत आली होती.

गाडी 2004 सालची आहे. पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. मी कराडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझे माहेर चिपळूणला आहे. त्यामुळे पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी, शिरगाव हा रस्ता ही गाडी गेली वीस वर्षे महिन्यातून दोनदा तरी करत आली आहे. आई आता एकटी असते आणि तिला दवाखान्यात न्यायचे असले की घाट रात्रीचाही उतरावा लागतो. अशा गाडीच्या ब्रेकविषयी कोणी मला 'जुनी गाडी आहे, चालायचेच' असे म्हटले की मला वाईट वाटते, कारण हे वाक्य उच्चारले की शोध तिथेच थांबतो. गाडी जुनी असणे हे काही बिघाडाचे कारण नसते. वीस वर्षांच्या गाडीतही बिघाड कोणत्या तरी एका जागी, कोणत्या तरी एका कारणाने झालेला असतो, आणि ती जागा सापडू शकते.

मात्र आधी मी स्वतः बरेच चुकले. पहिल्यांदा थरथर आली तेव्हा मी दोनदा चाकांचे बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट करून घेतले. चाकाचा तोल बिघडला असेल तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलतेच, पण ते ब्रेक न दाबताही हलते. माझे स्टिअरिंग फक्त ब्रेक दाबल्यावर हलत होते, आणि पाय उचलला की त्याच क्षणी शांत होत होते. हा एवढा साधा भेद मी स्वतःला विचारला नाही आणि समोरच्यालाही सांगितला नाही. नंतर एका गॅरेजमध्ये 'डिस्क वाकल्या' असे निदान झाले, डिस्क बदलल्या गेल्या, आणि थरथर गेली म्हणून निदान बरोबर होते असे मी धरून चालले.

त्यात जुलैमध्ये खरखर सुरू झाली. पावसाळ्यात कोकणात गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. डिस्क ओतीव लोखंडाची असते, एका रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ तांबूस थर धरतो आणि ब्रेक दाबल्यावर डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तो थर खरवडून काढतात. हा आवाज निरुपद्रवी आहे आणि घराचे फाटक ओलांडून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत जातो. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झाली होती, आणि त्या सवयीनेच मला फसवले. त्या जुलैत आवाज तिसऱ्या ब्रेकनंतरही राहत होता, दुपारीही येत होता, पण काचा बंद, वायपर चालू आणि छपरावर पाऊस, अशा स्थितीत मी 'गंज असेल' म्हणून पुढे जात राहिले. ऑगस्टच्या सुरुवातीला चिपळूणच्या एका अरुंद गल्लीतून काचा खाली करून हळू जात असताना डाव्या बाजूच्या दगडी भिंतीवर आपटून तो आवाज परत माझ्या कानावर आला, तेव्हा कळले की ही गंजाची चुरचुर नसून लोखंडावर लोखंड घासल्याची खरड आहे.

(ही युक्ती मी नंतर मुद्दाम वापरू लागले. रिकाम्या रस्त्यावर लांब कुंपणभिंत पाहावी, काचा उतरवाव्यात, आणि आधी एक बाजू, मग गाडी वळवून दुसरी बाजू भिंतीकडे ठेवून पंधरा-वीसच्या वेगाने अलगद ब्रेक दाबत जावे. आवाज कोणत्या चाकाचा आहे हे आत बसून ओळखता येत नाही, भिंतीजवळ ते बरेचसे ओळखता येते.)

कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीला लागून एका मिस्त्रींचे लहानसे गॅरेज आहे. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्यांचे नाव सुचवले. मी गाडी लावली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, ''डिस्क वाकल्यात बहुतेक, आणि पॅड बघा.'' त्यांनी पान्याला हात लावला नाही. स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाले, ''मॅडम, काय झालंय ते मी बघतो. काय होतंय तेवढं तुम्ही सांगा. आणि दोन्ही एकदम नको. थरथर वेगळी सांगा, खरखर वेगळी सांगा.''

त्यानंतर अर्धा तास ते फक्त विचारत होते. थरथर स्टिअरिंगला येते की बुडाखाली सीटला येते? ब्रेकचे पेडल पायाखाली उसळते का? किती वेगाला सर्वांत जास्त, आणि किती वेगाला जवळजवळ नाही? घाट उतरल्यावर वाढते का? गाडी ब्रेक लावल्यावर एका अंगाला ओढते का, आणि कोणत्या? आवाज ब्रेक दाबल्यावर सुरू होतो की दाबल्यावर बंद होतो? वळणावर बदलतो का? तो किंचाळल्यासारखा बारीक आहे, घरघर आहे, की खरड आहे? आपल्या भाषेत आवाजांसाठी किती नेमके शब्द आहेत हे मला त्या दिवशी नव्याने जाणवले. प्रत्येक शब्दामागे एक वेगळा भाग उभा होता. बारीक, कर्कश किंचाळी आली तर ती बहुधा पॅडवरच्या पोलादी पट्टीची असते. पॅडचा घासणारा थर दोनेक मिलिमीटर उरला की ती पट्टी डिस्कला टेकावी आणि चालकाला आधीच इशारा मिळावा, यासाठीच ती बसवलेली असते, पण सगळ्याच पॅडना ती असते असे नाही. वेगाबरोबर वाढणारी आणि ब्रेकशी संबंध न ठेवता येत राहणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. ती उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या चाकाचा संशय घ्यावा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना येणारी टकटक अॅक्सलच्या सांध्याची. अचानक सुरू होऊन सतत येणारी आणि ब्रेकची पर्वा न करणारी कर्णकटू खरखर अनेकदा डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेल्या एका खड्याची निघते. आणि ब्रेक दाबल्यावरच येणारी, दाबाबरोबर वाढणारी खरड ही पॅड संपून त्याची लोखंडी पाठ डिस्कला लागल्याची. माझी ती शेवटची होती.

गाडी कोणत्या अंगाला ओढते, या प्रश्नावर मी जरा थांबले. बरेच महिने ब्रेक लावल्यावर ती किंचित उजवीकडे जात होती आणि मी ते रस्त्याच्या उताराचा दोष मानत होते. मिस्त्री म्हणाले, ''आपण डावीकडनं चालतो. पाणी जायला रस्त्याचा उतार डावीकडं काढलेला असतो. रस्त्यानं ओढली तर डावीकडं ओढेल, उजवीकडं कशी ओढेल?'' मुलांना कलत्या प्रतलावरचे बल वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मला हे सुचायला हवे होते. गाडी उजवीकडे ओढत होती याचा अर्थ डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी लागत होता.

थरथर स्टिअरिंगला येत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो, सीटला आणि पेडलला येत असेल तर मागच्या ड्रमकडे पाहावे, हा ढोबळ नियम. त्याची खात्री करायला मिस्त्री मला बाहेरच्या सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेले. पन्नासच्या वेगाला त्यांनी हँडब्रेकचे बटण दाबून धरले, म्हणजे क्षणात सोडता येईल, आणि लिव्हर हळूहळू वर ओढला. या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमना लागतो. ड्रम गोल राहिला नसेल तर त्यानेच गाडी हलू लागते. आमची गाडी शांतपणे मंदावली, म्हणजे मागची चाके तूर्त निर्दोष. ही परीक्षा सवय नसलेल्याने करू नये, कारण लिव्हर जोरात ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते.

परत येताना मी मनातल्या मनात हिशेब केला. गाडीचे टायर 155/70 आर 13 मापाचे आहेत, म्हणजे चाकाचा व्यास सुमारे 547 मिलिमीटर आणि परीघ सुमारे 1.72 मीटर. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर, भागिले परीघ, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास 13 फेरे घेते. डिस्कवर एकच जागा खराब असली तरी स्टिअरिंगला सेकंदाला 13 हिसके बसतील. चाक, त्याला खालून धरणारा लोअर आर्म, त्याच्या सांध्यातले रबरी बुश आणि स्टिअरिंगचे दांडे मिळून जी व्यवस्था होते, तिची स्वतःची कंपनसंख्या याच्या आसपास आली की झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या धक्क्याप्रमाणे हिसका वाढत जातो, आणि म्हणून ही थरथर 80-85 ला हात हलवून टाकते, तर 40 ला कळतही नाही. म्हणून 'हळू चालवली की काही होत नाही' हे उत्तर पुरेसे नसते. दोष हळू चालवतानाही तिथेच असतो. मिस्त्रींनी लोअर आर्मचे बुश तपासले तेव्हा डावीकडच्या एकाला चीर गेलेली आढळली. ती थरथरीचे कारण नव्हती, पण लहान हिसका मोठा करून हातापर्यंत पोचवण्यात तिचा वाटा नक्कीच होता.

मग गाडी जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे लागले आणि डावे चाक निघाले. चाकाच्या आऱ्यांमधून आजवर जो पॅड सगळ्यांना दिसत होता, तो बाहेरचा. त्याचा थर सहा मिलिमीटर शिल्लक होता, आणि जूनमध्ये चाके अदलाबदल करताना एकाने तो पाहूनच 'पॅड अजून वर्षभर जातील' असे मला सांगितले होते. मिस्त्रींनी दोन्ही पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि आतला पॅड माझ्या हातात ठेवला. त्यावर घासणारा थर उरलाच नव्हता. लोखंडी पाठ चकाकत होती, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरा पडल्या होत्या, काही तर नख अडकेल इतक्या खोल.

अशा लहान गाड्यांत कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आवळतो. या दोन पिना मोकळ्या सरकत असतील तरच दोन्ही पॅड सारखे काम करतात. आमच्या डाव्या कॅलिपरच्या खालच्या पिनेवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटले होते, त्यातून वर्षानुवर्षे कोकणचे पाणी आत गेले होते, ग्रीस वाळून काळी पडली होती आणि पिन गंजून बसली होती. कॅलिपर सरकतच नव्हता. बाहेरचा पॅड नावापुरता टेकत होता, आतला एकटा झिजत होता, डाव्या चाकाचा ब्रेक कमी पडत होता, गाडी उजवीकडे ओढत होती. थरथर सोडली तर माझ्या बाकीच्या तक्रारी त्या बोटभर पिनेपाशी येऊन मिळाल्या. दिवाळीत डिस्क आणि पॅड बदलताना या पिना हाताने सरकवून पाहायला फार तर दोन मिनिटे लागली असती.

खरखर सुटली. थरथर उरली होती, आणि माझ्या दृष्टीने तिची गोष्ट अधिक विलक्षण आहे.

''वाकली म्हणतात सगळे, पण वाकलेली डिस्क मी फार थोडी बघितलीय,'' असे म्हणून मिस्त्रींनी शेजारच्या लेथवाल्या काकांना हाक मारली. ते चुंबकी पाय असलेला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक, घेऊन आले. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, चार नटांनी पक्की आवळली, गेजचा पाय हबमागच्या न फिरणाऱ्या भागाला, स्टिअरिंग नकलला, चिकटवला, त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवली. काटा पुढे गेला आणि मागे आला. एकूण फरक 0.13 मिलिमीटर. अशा डिस्कची कडेची डुलणी 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आत राहायला हवी. मग काकांनी मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, चरा पडलेला भाग टाळून. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत 0.03 मिलिमीटरचा फरक होता. डोक्याच्या केसापेक्षाही हे कमी आहे. तरीही जाडीतला एवढा फरक स्टिअरिंग हलवायला पुरतो, कारण डोलणाऱ्या डिस्कबरोबर तरंगता कॅलिपर थोडाफार डोलू शकतो, पण जाडी बदलली की पिस्टन मागे-पुढे ढकलला जातो, तेलाचा दाब चढ-उतार करतो, आणि दर फेऱ्याला ब्रेक एकदा जास्त आणि एकदा कमी लागतो.

काकांनी डिस्क काढली आणि हबवर बोट फिरवले. ज्या सपाट तोंडावर डिस्क टेकते, त्यावर एका बाजूला गंजाची खपली होती, तांबूस आणि दगडासारखी घट्ट. माझी दिवाळीतली नवी डिस्क या खपलीवरच बसवली गेली होती. हबच्या तोंडाचा व्यास साधारण 13 सेंटीमीटर आणि डिस्कचा 23. आत अर्धा दशांश मिलिमीटरही नसलेली खपली बाहेरच्या कडेला जवळजवळ दुप्पट डुलणी देते. घरात पाटाच्या एका कोपऱ्याखाली सुपारीचे खांड आले तर पाट जसा कलतो, तशी डिस्क कललेली होती.

मग सुरुवातीचे साडेचार हजार किलोमीटर थरथर का नव्हती? या प्रश्नाचे उत्तर मिळाले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. नवी डिस्क कललेली होती, पण तिची जाडी सगळीकडे सारखी होती, आणि नुसते डुलणे हातापर्यंत पोचत नाही. मात्र ब्रेक सोडलेला असतानाही पॅड डिस्कपासून अगदी थोडेच दूर असतात. कललेल्या डिस्कचा पुढे आलेला भाग दर फेऱ्याला आतल्या पॅडला हलकेच घासून जात होता, आणि समोरच्या बाजूचा तसाच भाग बाहेरच्या पॅडला. किलोमीटरला जवळजवळ 580 फेरे, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरला सव्वीस लाख हलके स्पर्श. तेवढ्या स्पर्शांनी त्या जागा कणाकणाने झिजल्या, जाडीत फरक पडला, आणि थरथर जन्माला आली. दिवाळीत गाडी बरी झाली नव्हती. रोगाला पुन्हा वाढायला एक नवी, स्वच्छ डिस्क मिळाली होती एवढेच.

उजव्या चाकाची कथा निराळी निघाली. तिथे हब स्वच्छ होता, डुलणी 0.05 होती, पण डिस्कवर एका ठिकाणी पॅडच्याच आकाराचा काळसर-निळा ठसा होता. मिस्त्रींनी विचारले, ''घाट उतरून कुठं ब्रेक दाबून उभ्या राहिला होता का?'' आणि मला जानेवारीतली संध्याकाळ आठवली. कुंभार्ली घाट संपता संपता एक ट्रक बंद पडला होता, उतारावर रांग लागली होती, आणि मी पंधरा-वीस मिनिटे पेडलवर पाय घट्ट दाबून उभी होते.

तो घाट उतरताना ब्रेकवर काय येते, याचा हिशेब मी नंतर वर्गात मुलांकडून करून घेतला. माणसे आणि सामान धरून गाडीचे वस्तुमान 1000 किलो, घाटाची उतरण सोयीसाठी 500 मीटर. तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा 49 लाख ज्यूल होते. तीच गाडी 80 च्या वेगावरून पूर्ण थांबवायला सुमारे 2 लाख 47 हजार ज्यूल शोषावे लागतात. म्हणजे घाट नुसता उतरणे हे ताशी 80 वरून जवळजवळ वीस वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे. हवेचा रोध आणि इंजिन यांनी वाटा उचलला नाही, तर ती सगळी उष्णता ब्रेकमध्येच जाते. त्याच डोंगरात शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते आणि त्या उंचीची वीज होते. पाण्याच्या उंचीची वीज आणि आमच्या गाडीच्या उंचीची तापलेली डिस्क, हे उदाहरण आता माझ्या मुलांना चांगले पाठ आहे. इतक्या तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी आवळून धरला की त्याचा थर तिथे चिकटतो, ठसा उमटतो. पुढे त्या ठशाची पकड बाकीच्या डिस्कपेक्षा वेगळी राहते, तिथे पुन्हा जास्त तापते, आणि फार तापले तर खालच्या लोखंडाची घडणच बदलून कठीण डाग पडतात, जे लेथवर घासूनही पुरते जात नाहीत. डिस्क वाकलेली नसते, पण हाताला ती वाकल्यासारखीच लागते, आणि म्हणूनच तो शब्द सगळ्यांच्या तोंडी रुळला असावा.

हा ठसा माझ्या पायाने उमटवला होता. गेल्या वीस वर्षांत मी घाट तिसऱ्या गिअरमध्ये आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरत आले, कारण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज चढतो आणि मला वाटे की इंजिनला त्रास होत आहे. मिस्त्रींनी समजावले की पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना चढलेला तो आवाज इंजिन गाडीला धरून ठेवत असल्याचा आहे.

दुरुस्तीचे थोडक्यात सांगते. डाव्या डिस्कच्या चरा घासून काढायच्या तर जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मर्यादेच्या खाली गेली असती, आणि डिस्क नेहमी जोडीने बदलायच्या असतात, म्हणून दोन्ही नव्या आणल्या. दोन्ही हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत साफ केले. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल धुऊन टाकले. डावी डिस्क बसवून पुन्हा गेज लावला तर 0.08 आले. मिस्त्रींनी ती काढून नटाच्या एका भोकाने फिरवून बसवली, तेव्हा हबचा उरलासुरला दोष आणि डिस्कचा दोष एकमेकांविरुद्ध आले आणि काटा 0.04 वर थांबला. चार भोके म्हणजे चार शक्यता, त्यातली सर्वांत चांगली निवडायची. त्यासाठी पाऊण तास गेला आणि त्या पाऊण तासाचे मोल मला कळत होते.

पिना नव्या घेतल्या, बूट नवे घेतले, आणि ग्रीस सिलिकॉनची लावली, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. फाटलेला बुश बदलला. ब्रेक ऑइल चार वर्षांत बदलले नव्हते आणि चहासारखे काळपट झाले होते. हे तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात तेल उकळून नळीत वाफ झाली की पेडल जमिनीला टेकते. थरथर आणि खरखर निदान बोलतात तरी. हा धोका आधी काहीच सांगत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचे असे मी आता डायरीत लिहून ठेवले आहे. शेवटी चाकांचे नट हवेच्या गनने न मारता समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क दाखवणाऱ्या पान्याने, सगळे सारखे आवळले. कमी-जास्त आवळलेले नटही डिस्कला कलवतात.

पॅड डिस्कवर रुळवण्याचे काम माझ्याकडे होते. ताशी 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने मंद करायचे, पूर्ण थांबायचे नाही, अर्धा मिनिट चालू द्यायचे, पुन्हा तेच, असे आठ-दहा वेळा. त्यानंतर ब्रेक न लावता गार होईपर्यंत चालवायचे. यात पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. पहाटे सहाला मोकळ्या रस्त्यावर मी हे केले, आणि नवव्या वेळी जळकट वास आला तेव्हा घाबरले नाही, कारण तो येणार हे मला आधीच सांगितलेले होते.

गणपतीला मी दुसऱ्या गिअरमध्ये कुंभार्ली उतरले. लांब उतारावर सतत पाय टेकवून ठेवण्याऐवजी वळणाआधी एकदा ठाम ब्रेक, मग पाय पूर्ण मोकळा. खाली पुन्हा गाड्यांची रांग होतीच. पुढच्या गाडीपासून दोन हात जास्त अंतर ठेवून मी थांबले, थोड्या वेळाने ब्रेक सैल करून गाडी फूटभर पुढे जाऊ दिली, मग पुन्हा फूटभर, म्हणजे तापलेला पॅड एकाच जागी बसून राहू नये. रस्ता सपाट झाल्यावर मी ब्रेक पूर्ण सोडून हँडब्रेक ओढला.

खरी परीक्षा साडेचार हजार किलोमीटरनंतर होती, कारण आधीची डिस्क तिथेच बिघडली होती. जानेवारीत तो आकडा आला आणि कुठलीही तक्रार नसताना मी गाडी गॅरेजमध्ये नेली. लेथवाले काका गेज घेऊन आले. डावीकडे डुलणी 0.04, उजवीकडे 0.05. जाडीतला फरक मायक्रोमीटरवर जेमतेम एक रेघ, म्हणजे 0.01. दोन्ही पॅड, आतला आणि बाहेरचा, शेजारी ठेवून पाहिले तर सारखे झिजलेले होते. काकांनी चारही आकडे तारखेसह गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिले. मिस्त्रींनी पिना बोटाने सरकवून पाहिल्या, मग मागचे उजवे चाक हाताने फिरवले, कान जवळ नेला आणि मला बोलावले. एका फेऱ्यात एकदाच, अगदी हलकी, सूप पाखडताना येते तशी एक सर ऐकू आली. ड्रमच्या आतला घासणारा लायनर ड्रमला एका जागी किंचित टेकत होता. मार्चमध्ये परीक्षा संपल्या की मागचे दोन्ही ड्रम उघडायचे ठरले आहे.